दर उन्हाळ्यात डायनिंग टेबल तडकतंय? भेग बुजवू नका, आधी टेबल उलटं करा

नवतपा, म्हणजे मे अखेरचे ते नऊ कडक उन्हाचे दिवस, लागला की आमच्याकडे रात्री डायनिंग टेबलमधून आवाज यायचा. टक्. कोणी बोट मोडावं तसा, पण मोठा. पहिल्यांदा वाटलं पाल पडली असेल, सकाळी बघतो तर टॉपच्या एका टोकाकडून आत शिरलेली हातभर चीर, नख आरामात जाईल एवढी. सागाचं टेबल, स्वतःच्या हाताने बनवलेलं, सहा महिन्यांचे शनिवार-रविवार त्यात गेलेले, आणि नऊ महिन्यांत तडकलं. ते पण २०२० चा मे, सगळे घरात बंद, म्हणजे दिवसातून चार वेळा त्याच चिरेसमोर बसून जेवायचं.

हे सलग तीन उन्हाळे झालं आणि तिन्ही वेळा मी चुकीची गोष्ट दुरुस्त करत बसलो. म्हणून लिहून राहिलो. तुमचं घरी बनवलेलं किंवा मिस्त्रीकडून बनवून घेतलेलं अस्सल लाकडाचं टेबल एप्रिल-मे मध्ये तडकतं, तुम्ही भेग भरता, पावसाळ्यात तो भराव वर येतो आणि पुढच्या वर्षी तिथेच किंवा बाजूला परत चीर पडते, असं असेल तर हे तुमच्यासाठी आहे. प्लायवर सनमायका किंवा व्हिनियर लावलेल्या टेबलचा हा विषय नाही, त्याचे रोग वेगळे.

आधी माझं टेबल काय होतं ते सांगतो. ६ फूट बाय ३ फूट, ६ इंची सहा फळ्या जोडून केलेला टॉप, रंधा मारून १ इंच जाडी राहिली. पाय ३ बाय ३ चे, त्यांना जोडणारी ३ इंच उंचीच्या पट्ट्यांची चौकट. लाकूड नागपूरच्या लकडगंजातून घेतलं, चंद्रपूरकडचा साग, ज्याला सगळे सीपी टीक म्हणतात. लाकडात काही खोट नव्हती, तेवढं आत्ताच सांगून ठेवतो कारण पहिली शिवी सगळे लाकडालाच घालतात, मी पण घातली. टॉप चौकटीवर बसवताना मी चौकटीच्या वरच्या कडेला सगळीकडून फेविकॉल लावलं आणि खालून १४ स्क्रू मारले. मला वाटलं जितकं घट्ट तितकं मजबूत. जागा असती तर २० मारले असते.

पहिल्या वर्षी फेविकॉलमध्ये सागाचा भुसा कालवून चीर भरली, घासली, पॉलिशचा हात मारला, एकदम गायब. जुलैत हात फिरवला तर तिथे उंचवटा, भराव पिळून वर आलेला. २०२१ च्या उन्हाळ्यात तीच चीर परत उघडली आणि तिला एक छोटी बहीण झाली. मग मी चिडून एपॉक्सी आणलं, चीर पटाशीने साफ करून गच्च भरली. आणि २०२२ ला गंमत झाली. एपॉक्सीची जागा तशीच्या तशी, हूं की चूं नाही, पण तिच्यापासून इंचभर बाजूला चांगलं भरीव लाकूड सरळ रेषेत फाटलं. तेव्हा डोक्यात उजेड पडायला हवा होता. गोंद टिकून लाकूड फाटतंय म्हणजे ताकद गोंदात कमी नाहीये, ओढणारं कोणीतरी दुसरं आहे. पण उजेड पडला नाही, मी अजून महागाचं एपॉक्सी शोधत बसलो.

शेवटी कपाटाची दारं बसवायला एक म्हातारे मिस्त्री आले होते त्यांनी चहा पिता पिता टेबलाखाली डोकं घातलं. म्हणाले, "भाऊ, हे कोणं ठोकलं?" म्हटलं मीच. तर हसले. "तुम्ही त्याले चारी बाजूनं बांधून ठेवलं ना, मंग ते फाटून राहिलं. मोकळं करा त्याले."

एवढंच. चहा संपवून दारं लावायला गेले. माझे तीन उन्हाळे आणि त्यांचा अर्धा कप चहा.

आता त्यामागचं गणित सांगतो, कारण ते एकदा कळलं की बाकी सगळं आपोआप सुचतं. लाकूड हवेतला ओलावा घेतं आणि सोडतं, आयुष्यभर, कितीही जुनं असो, कितीही पॉलिश मारा. ओलावा घेतला की फुगतं, सोडला की आकसतं. पण लांबीत जवळजवळ काहीच फरक पडत नाही, सगळा खेळ रुंदीत होतो. साग हे यातलं सगळ्यात शहाणं लाकूड समजलं जातं, तरी त्याच्यात दर १ टक्का ओलाव्यामागे रुंदीत ०.१९ टक्क्यापर्यंत फरक पडतो. ऐकायला काहीच नाही ना? पण आमच्या नागपुरात मे महिन्याच्या दुपारी हवेतली आर्द्रता २० टक्के किंवा त्याच्याही खाली आणि जुलै-ऑगस्टमध्ये ८० च्या वर. घरातल्या लाकडाचा ओलावा यामुळे वर्षभरात ५ टक्के तरी सहज वरखाली होतो. ९०० मिलीमीटर रुंद टॉप, गुणिले ५, गुणिले ०.१९ टक्के. साडेआठ मिलीमीटर झाले. म्हणजे तुमचं टेबल ऑगस्टमध्ये जेवढं रुंद आहे त्यापेक्षा मे मध्ये बोटाच्या जाडीच्या जवळपास अर्ध्याने अरुंद व्हायला बघतं, आणि खाली चौकटीच्या ज्या आडव्या पट्ट्या आहेत त्यांची लांबी मात्र तीच राहते, कारण लाकूड लांबीत आकसत नाही. दोघांना तुम्ही स्क्रू आणि फेविकॉलने एकत्र बांधलं. मग कोणीतरी फाटणारच.

माझी दुसरी चूक म्हणजे मी टेबल ऑगस्टमध्ये बसवलं. टॉप सगळ्यात जास्त फुगलेला असताना खिळवून टाकला, त्यामुळे पुढे फक्त आकसणंच नशिबात. मे मध्ये घट्ट बसवलेलं टेबल उन्हाळ्यात कदाचित तडकणार नाही पण पावसाळ्यात कमान होऊन स्क्रू उपटेल किंवा चौकटीचे सांधे उघडेल. थोडक्यात घट्ट बांधायला शुभ महिना कुठलाच नाही.

मुंबईत किंवा कोकणात वर्षभर दमट असल्याने हा फरक कमी पडतो, त्यामुळे तिकडे हेच टेबल वीस वर्षं काही न होता उभं राहू शकतं आणि नागपूर-अकोल्याला बदली झाली की पहिल्याच उन्हाळ्यात तडकतं, आणि लोक म्हणतात टेम्पोवाल्याने आपटलं. थंड देशात राहणाऱ्यांकडे उलटं होतं, तिकडे हिवाळ्यात हीटर लावून घर कोरडंठाक होतं त्यामुळे टेबल जानेवारी-फेब्रुवारीत तडकतं. रोग तोच, फक्त महिना वेगळा.

तुमची चीर कोणती ते आधी बघा

सगळ्या चिरा एक नसतात. टेबल रिकामं करा, मोबाईलचा टॉर्च आडवा धरून बघा.

चीर भरीव लाकडातून रेषांच्या बाजूने गेली असेल, टोकाकडून सुरू झाली असेल आणि खाली बघितल्यावर तिच्या दोन्ही बाजूंना स्क्रू असतील तर तुमचं माझ्यासारखंच आहे, बांधलेलं टेबल.

चीर दोन फळ्यांच्या जोडावरच असेल, एकदम सुतात, तर आत बघा. जोडाच्या आत गोंद काचेसारखा गुळगुळीत दिसत असेल तर तो जोड कधी नीट बसलाच नव्हता, गोंद दाबायच्या आधी सुकला किंवा कडा सरळ नव्हत्या. आत लाकडाचे तंतू उपटलेले दिसत असतील तर गोंद चांगला होता, ताण जास्त होता, म्हणजे परत पहिलाच रोग.

प्रत्येक फळीच्या टोकाला दोन-तीन इंचाच्या बारीक बारीक चिरा, टॉप मोकळा असून सुद्धा? लाकूड ओलं घेतलंय. टोकं सगळ्यात आधी सुकतात म्हणून तिथे फुटतं.

आणि नख अडकतच नसेल, फक्त रेघ दिसत असेल तर ती पॉलिशची भेग आहे, लाकूड शाबूत आहे. निवांत झोपा.

खात्री करायची सोपी पद्धत म्हणजे मे मध्ये, चीर पूर्ण उघडलेली असताना, खालचे सगळे स्क्रू दोन-दोन आटे ढिले करायचे आणि एक दिवस तसंच सोडायचं. चीर कमी झाली तर चोर सापडला. माझ्याकडे फेविकॉल पण होतं त्यामुळे नुसते स्क्रू काढून काही झालं नाही, पातळ पात्याची करवत चौकट आणि टॉपच्या मध्ये घालून सगळीकडून फिरवावी लागली, दीड दिवस गेला, हाताला फोड आले. शेवटचा कोपरा सुटला तेव्हा टेबल अक्षरशः कण्हल्यासारखं कर्र वाजलं आणि तीन मिलीमीटरची चीर डोळ्यासमोर एकवर आली. मुलगी म्हणाली बाबा, टेबलाला बरं वाटलं.

दुरुस्ती

टॉप सुटला की आधी चिरेचं बघायचं, मग परत बसवायचं. चीर टोकापासून टोकापर्यंत गेली असेल किंवा अर्ध्याहून लांब असेल तर भरायच्या भानगडीत पडू नका. सर्क्युलर सॉला सरळ पट्टी लावून त्या चिरेवरूनच टॉप उभा कापून टाका, दोन भाग करा, कडा रंधून सरळ करा आणि परत जोडा. छाती धडधडते, मान्य, पण पाच-सहा मिलीमीटर रुंदी जाते आणि टेबल नवं होतं. जुना एपॉक्सीचा भराव पण त्यातच निघून जातो.

जोडताना दोन गोष्टी. सागात तेल असतं, कापून ठेवलेल्या कडेवर ते वर येतं आणि गोंद नीट पकडत नाही, त्यामुळे कडा रंधली की त्याच दिवशी जोडा, आणि जोडायच्या आधी थिनरच्या फडक्याने पुसून सुकू द्या. दुसरं म्हणजे दोन्ही कडा एकावर एक ठेवून मागे दिवा धरा, उजेड आरपार दिसता कामा नये. "क्लॅम्पने ओढून बसेल" असं म्हणायचं नाही. क्लॅम्पने ओढून बसवलेला जोड पुढच्या उन्हाळ्यात हिशोब मागतो. क्लॅम्प ८-१० इंचावर, एक वरून एक खालून असे लावा म्हणजे टॉप एका बाजूला वाकत नाही. फेविकॉलवाल्यांसाठी टीप, विदर्भातल्या उन्हाळ्यात दुपारी हे काम करू नका, गोंद पसरवून होईपर्यंत पहिलं टोक सुकलेलं असतं. सकाळी सहाला करा. त्यापेक्षा दिवाळीनंतर करा, लाकूड फार फुगलेलंही नसतं, फार आकसलेलंही नसतं. मी नोव्हेंबर २०२२ मध्ये केलं.

चीर छोटी असेल, टोकाकडून सहा-आठ इंच, तर कापायची गरज नाही. तिच्यावर आडवी, डमरूच्या आकाराची लाकडी चावी बसवायची, टॉपच्या अर्ध्या जाडीइतकी खोल, रेषा चिरेला काटकोनात. चीर पुढे सरकत नाही आणि दिसायला पण भारी दिसतं, मी शिसमच्या दोन बसवल्या, लोकांना वाटतं डिझाईन आहे.

आता मुख्य काम, टॉप परत बसवणे. सरळ सांगायचं तर टॉप चौकटीवर दाबून धरायचा पण रुंदीत सरकू द्यायचा. बाजारात यासाठी इंग्रजी झेडच्या आकाराच्या पत्र्याच्या क्लिपा मिळतात, नागपुरात मला मिळाल्या नाहीत, ऑनलाइन मिळतात. मी लाकडाचेच ठोकळे केले, उरलेल्या सागाचे, फुकटात.

ठोकळा म्हणजे दीड इंच बाय अडीच इंचाचा तुकडा, त्याच्या एका टोकाला पायरी काढून जीभ ठेवलेली, इंग्रजी एलसारखा दिसतो. ठोकळ्याचं अंग टॉपला खालून स्क्रूने बसतं आणि जीभ चौकटीच्या आतल्या बाजूला केलेल्या खाचेत शिरते. मापं अशी. चौकटीच्या पट्टीच्या वरच्या कडेपासून १२ मिलीमीटर खाली खाच सुरू करा, खोली १४ मिलीमीटर, राउटर नसेल तर खाच सलग कशाला, प्रत्येक ठोकळ्यापुरती पटाशीने केली तरी चालते, फक्त आडव्या पट्टीवर ती ठोकळ्यापेक्षा इंचभर रुंद ठेवा. ठोकळ्याची पायरी मात्र ११ मिलीमीटर ठेवायची, १२ नाही. त्या एका मिलीमीटरमुळे स्क्रू आवळला की टॉप चौकटीवर खेचला जातो. जीभ १२ मिलीमीटर लांब. आणि स्क्रूची लांबी दहा वेळा तपासा. १ इंच टॉपला दोन इंची स्क्रू मारून तो वरून बाहेर आलेला मी बघितलाय, कोणाच्या घरी ते सांगत नाही.

आता ही गोष्ट कोणी सांगत नाही. लांब बाजूच्या पट्ट्यांवर ठोकळे बसवताना महिना कोणता आहे ते बघावं लागतं. मे मध्ये बसवत असाल तर टॉप आकसलेला आहे, पुढे तो रुंद होणार, म्हणजे ठोकळे बाहेरच्या बाजूला, पट्टीकडे सरकणार. त्यामुळे ठोकळ्याचं अंग आणि पट्टी यांच्यात ५ मिलीमीटर जागा सोडा. नाही सोडली तर ठोकळाच पट्टीला आतून ढकलत बसेल. ऑगस्टमध्ये बसवत असाल तर उलट, ठोकळा पट्टीला लागून बसवा, जीभ पूर्ण आत, कारण तो आता फक्त आत सरकणार आहे. दिवाळीच्या सुमारास दोन-तीन मिलीमीटर ठेवा. आडव्या, म्हणजे तीन फुटांच्या बाजूच्या पट्ट्यांवर ठोकळा खाचेतल्या खाचेत बाजूला सरकतो, तिथे ही भानगड नाही. फक्त त्या आडव्या पट्ट्यांच्या बरोब्बर मध्यावर एक-एक स्क्रू सरळ घट्ट मारून टाका, म्हणजे टॉप मध्यावर अडकून राहील आणि दोन्ही बाजूंना सारखा फुगेल. नाही मारला तर वर्षभरात एका बाजूला सरकलेला दिसेल. गोंदाचा थेंब कुठेही नको.

ज्यांनी टॉपच्या दोन्ही टोकांना शोभेसाठी आडवी पट्टी गोंद लावून ठोकलीय, फळ्यांची तोंडं झाकायला, त्यांचं टेबल वरूनच बांधलेलं आहे. खालून मोकळं करून उपयोग नाही. ती पट्टी काढून कुसू-खाच (टॉपच्या टोकाला काढलेली जीभ पट्टीतल्या खाचेत) करून बसवायची, गोंद फक्त मधल्या तीन-चार इंचात, बाजूच्या खुंट्यांसाठी कुसवात लांबट भोकं. जमत नसेल तर पट्टी काढून फेकून द्या, फळ्यांची तोंडं दिसली म्हणून कोणी जेवायचं थांबत नाही.

लाकूड घेतानाच

दुकानदार "पूर्ण सीझन केलेलं आहे" म्हणतो. माझ्या लाकडाचं पण म्हणाला होता. पिनवाला मॉइश्चर मीटर असेल तर घेऊन जा, नसेल तर घरच्या घरी तपासता येतं. फळीच्या टोकाचा नाही, टोकापासून फूटभर आतला एक इंचाचा तुकडा कापा. किचनच्या काट्यावर वजन करा. मग ओटीजीमध्ये शंभर-एकशेतीन डिग्रीवर ठेवा आणि वजन कमी व्हायचं थांबेपर्यंत काही तासांनी मोजत रहा. समजा ८४ ग्रॅमचा ७३ झाला, तर ११ भागिले ७३, म्हणजे १५ टक्के ओलावा. आमच्याकडे या प्रयोगानंतर दोन दिवस ओव्हनला सागाचा वास होता आणि बायकोने केक रद्द केला, तेव्हा परवानगी काढून करा.

१५ टक्क्यांचं लाकूड नागपूर-चंद्रपूरकडच्या घरात टेबल बनवायला ओलंच. फळ्या घरात आणून मध्ये पट्ट्या ठेवून थर लावा, सगळ्या बाजूंनी हवा खेळली पाहिजे, टोकांना रंग किंवा मेण फासा म्हणजे टोकं आधी सुकून फुटणार नाहीत, आणि दोन-तीन महिने विसरून जा. कमी झालंय का ते अख्खी फळी वजन करून बघा, दर पंधरा दिवसांनी, वजन स्थिर झालं की घ्या कामाला. घाई करणारे इथेच मरतात, मी धरून.

फळीच्या तोंडाकडची वलयं पण बघा. वलयं उभी सरळ असतील तर ती फळी रुंदीत जवळजवळ निम्मीच हलते. हसल्यासारखी वाकडी असतील तर पूर्ण हलते. सगळ्या उभ्या वलयांच्या फळ्या मिळणं खिशाला परवडत नाही, पण ढिगातून निवडायला मिळत असेल तर निवडा. माझ्या सहात दोन निघाल्या, नशिबाने.

कूलर

हा आपल्या विदर्भाचा खास आजार. डायनिंग टेबल खिडकीशी, खिडकीत डेझर्ट कूलर. मार्च-एप्रिलमध्ये टेबल पार कोरडं होतं आणि मग एके दिवशी कूलर लागतो आणि टेबलाच्या एका टोकावर दिवसभर ओली हवा. तेवढंच टोक फुगतं. माझ्या बहिणीकडे अमरावतीला टॉप तडकला नाही पण परातीसारखा झाला, कडा वर आणि मध्ये खोलगट. कारण वरून पॉलिशचे चार हात आणि खालून कोरं लाकूड. खालची बाजू ओलावा पटकन घेते, फुगते, कडा वर उचलल्या जातात. कोरड्या दिवसांत याच्या उलट, मधला भाग वर. तिच्याकडे म्हणे पावसाळ्यात वरण सांडलं की मध्ये तळं होतं आणि फेब्रुवारीत सांडलं की सरळ मांडीवर. यापेक्षा चांगली टेस्ट मला माहीत नाही.

उपाय दोन, कूलरची झडप दुसरीकडे वळवा, आणि खालून पण पॉलिश करा, जितके हात वर तितकेच खाली. दिसत नाही म्हणून मिस्त्री लोक खालची बाजू सोडतात, स्वतः शेजारी उभं राहून त्यांच्याकडून करून घ्या. टॉप परत बसवायच्या आधी सुटा असतो तेव्हाच हे उरकून घ्या.

पॉलिश

पॉलिशने ओलावा थांबत नाही, फक्त हळू होतो. हे समजून घेतलं तर "चांगलं पॉलिश मारलं की तडकणार नाही" या भ्रमातून सुटाल. दोन भागांचं पीयू (पॉलियुरेथेन) चांगलं अडवतं, लाखेचं त्याच्यापेक्षा कमी टिकतं पण दुरुस्तीला सोपं, तेल सगळ्यात कमी अडवतं. जेवायच्या टेबलला मी पीयू सांगेन. पॉलिश पेपर ८०, १२०, १८०, २२० असा क्रमाने, मधला नंबर गाळला की ओरखडे पॉलिशखालून दात दाखवतात. पावसाळी दिवशी स्प्रे करू नका, हवेतला ओलावा बसून पांढरं धुकं धरतं. गरम कुकर ठेवून पांढरा गोल डाग पडला असेल आणि पॉलिश लाखेचं असेल तर स्पिरिटच्या जेमतेम ओल्या फडक्याने अलगद पुसत गेलं की जातो. पीयूवर ही युक्ती चालत नाही.

आणि राजेहो, स्वयंपाकघरातलं जवसाचं तेल टेबलला लावू नका. आपल्याकडे घरात असतंच म्हणून मी पहिल्या वर्षी खालच्या बाजूला लावून बघितलं, तीन आठवडे चिकट, मांडीला लागायचं, वरून चिलटं. खायचं कच्चं तेल सुकायला फार वेळ घेतं, लाकडाला लावायचं ते हार्डवेअरच्या दुकानातलं बॉइल्ड लिनसीड. त्याचे बोळे मात्र गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. ते सुकताना आपोआप तापतात आणि पेट घेतात, खरंच घेतात, आणि ४५ डिग्रीत तर विचारूच नका. पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून मग टाका.

नोव्हेंबर २०२२ नंतर टेबलातून आवाज आलेला नाही. मी टॉपच्या खाली पेन्सिलने रुंदी लिहून ठेवतो. मे २०२३ ला ९०३ मिलीमीटर, ऑगस्टला ९०९ आणि अर्धा. म्हणजे साडेसहाचा फरक, हिशोबाच्या साडेआठपेक्षा कमी, त्या दोन उभ्या वलयांच्या फळ्या आणि खालच्या पॉलिशमुळे असावं. मे २०२४ ला परत ९०३. ऑगस्टची नोंद त्या वर्षी राहिली, टेबलवर गणपतीच्या मखराचं सामान पडलं होतं.